उघडं बीळ

उंदीर उतरंडीच्या मागून निघाला आणि सकाळच्या भर उजेडात चालत येऊन रामगोंडाच्या पाटासमोर बसला. बशीतला चहा तोंडापर्यंत गेला होता, तो तिथंच राहिला. धडधाकट उंदीर असा येत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. धडधाकट उंदीर भिंतीला अंग घासत पळतो, नजरानजर झाली की दिसेनासा होतो. हा मधूनच चालला, दोन वेळा स्वतःभोवती फिरला, पाटाच्या कडेला नाक लावून थांबला आणि मग मागचे पाय लांब करून आडवा झाला. त्याच्या पोटाची धडधड रामगोंडा बघत राहिला. ती थांबली तेव्हा सगळ्यात आधी त्याच्या मनात आलं ते असं, की बरं झालं, हिनं बघितलं नाही. प्लेगच्या खात्यात दीड वर्षं काढलेल्या माणसाच्या मनात हे यावं याची त्याला लाजही वाटली, पण ती मागाहून. गावात त्याला उंदीरसायेब म्हणत. तोंडावर नाही, पण पाठ फिरायच्या आत म्हणत. पडलेल्या उंदराचं काय करायचं हे त्यानं दवंडीबरोबर बोळाबोळांतून हिंडून शंभरदा सांगितलेलं होतं: हात लावू नका, वर रॉकेल ओता म्हणजे गार पडत चाललेल्या अंगावरच्या पिसवा उडून तुमच्या अंगावर यायच्या नाहीत, चिमट्यानं उचला, आणि लगेच कचेरीत वर्दी द्या. त्यानं रॉकेल ओतलं. चिमट्यानं उचलून रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकलं, डबा खाकी पिशवीत घातला. जमीन शेणानं सारवायला हवी होती, तर त्यानं तिच्यावर चुलीतली राख पसरली आणि पायानं सारखी केली. परसातून बायकोनं, चंपाबाईनं, विचारलं की रॉकेलचा वास कशाचा येतोय. चिमणी भरत होतो, असं तो म्हणाला. लढाई संपली तरी रॉकेल शिधापत्रिकेवरच मिळत होतं आणि सकाळी आठला चिमणी कुणी भरत नाही, पण तिनं पुढं विचारलं नाही. तिचा नववा महिना सरत आला होता आणि अलीकडे ती एकच गोष्ट दोनदा विचारायचा कंटाळा करायची.

वर्दी द्यायची म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. तासाभरात दारावर चुन्याची फुली. घर रिकामं. माणसं मिरजेच्या रस्त्याच्या अंगाला माळावर, उसाच्या पाचटाच्या झोपडीत. पौषातला वारा माळावर कसा असतो ते सांगलीत घरात बसून कळत नाही. पाचटातून तो येतो आणि अंथरुणाखालून जातो. चंपाचं बाळंतपण त्या झोपडीत होणार. त्याआधी तिच्या दंडात लशीची सुई टोचली जाणार. आणि घरात, जिथं आई रोज सूर्य मावळायच्या आत जेवून देवाचं नाव घेत बसते त्याच खोलीत, त्याच्याच टोळीतले केरबा आणि गुंडा विषारी पुडीचा पंप घेऊन शिरणार. दहा-पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, असं त्यानं स्वतःला समजावलं. चंपा मोकळी होऊ दे, मग वर्दी देऊ. एक उंदीर म्हणजे काही साथ नव्हे. हे वाक्य त्यानं दुसऱ्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं आणि ऐकून किती चिडला होता. वखारवाले, पुजारी, पेन्शनीत निघालेले मास्तर, सगळे हेच म्हणायचे, आणि तो त्यांना शहाणपण शिकवायचा. आता तेच वाक्य त्याच्या डोक्यात आपल्या घरात आल्यासारखं ऐसपैस बसलं.

झोपडीचं भय त्याला आजचं नव्हतं. तो नऊ वर्षांचा होता तेव्हा त्यांच्या गावात उंदीर पडले होते आणि सगळं गाव रानात गेलं होतं. वडील तिसऱ्या दिवशी झोपडीतच पडून राहिले, काखेत लिंबाएवढी गाठ. आई फडक्यातनं पाणी गाळायची, गाळून झालं की फडकं उलटं करून त्यातले जीव पुन्हा त्याच आडात सोडायची आणि मग ते पाणी वडिलांच्या ओठांना लावायची. वडिलांचा जीव चाललेला, आणि ही फडक्यातले न दिसणारे जीव आडात पोचवायला शेतभर चालत जातेय, याचा त्याला तेव्हा संताप आला होता. नंतर कधीतरी त्याला कळलं, की तिला तेवढंच करता येण्यासारखं होतं. पण संताप काही गेला नाही, तो त्या रोगावर जाऊन बसला. म्हणूनच सातवी पास झाल्यावर घरच्या दोन एकरात राबायचं सोडून तो या नोकरीच्या पाठीमागे लागला. जैनाच्या पोरानं उंदीर मारायची नोकरी धरली म्हणून बस्तीच्या देवळात चार माणसं बोलली. आई, आक्काताई, चारचौघांत काही बोलली नाही. पहिल्या दिवशी तो पंप खांद्याला लावून निघाला तेव्हा तिनं त्याला उंबऱ्यावर थांबवलं. तो तिला आव्वा म्हणे. "आव्वा, आता नको," असं तो म्हणतोय तोवर तिनं त्याचा हात धरला.

"मारू नगंस म्हणत न्हाई," ती म्हणाली. "माणसं मरत्यात, मला कळतंय. पर एक वाट उघडी ठेव रं बाळा. ज्येचं आयुष्य हाय त्यो जाईल."

काम साधं होतं, म्हणूनच ते त्याला कठीण गेलं. घर रिकामं करायचं, बिळं शोधायची, आतबाहेर फिरून ती मोजायची आणि चिखलानं लिंपून घ्यायची. एक ठेवायचं, त्यात पंपाची नळी घालून विषारी पूड आत फुंकायची. ओलीचा वास लागला की पुडीचा वायू होतो. मग कुठंतरी भिंतीच्या पोटात खुडबुड उठते, वाढते, आणि एकदम थांबते. ते थांबणं त्याला सोसायचं नाही. पहिल्याच दिवशी, गूळवाल्याच्या माजघरात, त्यानं मागच्या बाजूचं एक बीळ बघून न बघितल्यासारखं केलं. पंप चालू झाल्यावर त्यातून एक मादी बाहेर आली, तोंडात पिल्लू धरलेली, आणि गटाराच्या कडेनं पलीकडच्या बोळात गेली. रामगोंडाला त्या क्षणी जे वाटलं त्याला सुख म्हणावं की काय म्हणावं, ते त्याला ठरवता आलं नाही. घरी येऊन त्यानं आव्वाला सांगितलं. त्या दिवशी तिनं त्याला स्वतःच्या हातानं वाढलं. तेव्हापासून दीड वर्षं, प्रत्येक घरात, प्रत्येक वखारीत, एक बीळ उघडं राहत आलं. शंभर मेले तर चार जगले, त्यात काय एवढं बिघडलं, असा त्याचा हिशेब होता. हिशेब त्यानं कधी कुणाला दाखवला नाही, स्वतःलाही पुन्हा तपासून दाखवला नाही.

आता सायकल हातात धरून तो बोळातून चालला होता. बसवत नव्हतं. पिशवीतला डबा हँडलला लागून वाजत होता. दुसऱ्या कुणाला तो नुसत्या डब्याचा आवाज वाटला असता, त्याला आत काय आहे ते ऐकू येत होतं. सुईचा विचार आला की त्याला रहिमतपूर आठवायचं, आणि आज तर आठवायला निमित्तही लागलं नाही. सांगलीत येण्याआधी एक हिवाळा तो सातारा जिल्ह्यात, इंग्रजी मुलखात, टोचणीच्या पथकाबरोबर हिंडला होता. रहिमतपूरजवळच्या वाडीत बाया दारं लावून बसल्या होत्या. घरातले पुरुष पलटणीत, कुणी इटलीत, कुणी ब्रह्मदेशात, आणि मागं राहिलेल्या सासवा सुईवाल्यांना उंबरा ओलांडू देत नव्हत्या. रामगोंडाला बोलता यायचं. डॉक्टरांना जे जमायचं नाही ते तो ओट्यावर बसून जमवायचा. बनुबाई नावाच्या म्हातारीच्या सुनेला, राहीबाईला, त्यानं अशीच राजी केली होती. सहावा महिना होता तिला. बनुबाई विचारत होती, पोटातल्याला काय व्हनार न्हाई न्हवं? आणि तो म्हणाला होता, आत्ती, अजिबात न्हाई. अजिबात हा शब्द त्याचा स्वतःचा होता, डॉक्टरांनी तो वापरला नव्हता. राहीबाईला त्या रात्री फणफणून ताप भरला, तिसऱ्या दिवशी मूल गेलं. पथक निघालं तेव्हा बनुबाई वाटेवर येऊन उभी राहिली. शिव्या नाहीत, तळतळाट नाही. "तुमी म्हनला म्हनून टोचलं," एवढंच म्हणाली. पुढं महिन्याभरानं त्या वाडीचे आकडे कचेरीत आले. न टोचलेल्यांत अकरा गेले होते, टोचलेल्यांत एक. राहीबाई जिवंत होती. तिच्या घराच्या दोन्ही अंगांना माणसं मेली आणि ती जिवंत राहिली. हे आकडे घेऊन बनुबाईकडे जावं असं त्याला अनेकदा वाटलं आणि प्रत्येक वेळी असंही वाटलं, की जाऊन सांगणार काय. अकरा आणि एक तिला समजले असते. जे गेलं ते कुठल्याच आकड्यात नव्हतं, कारण ते जन्मलेलंच नव्हतं. आणि शहाणपणा बघा, हे सगळं त्यानं लग्नानंतर चंपाला सांगितलं होतं, मन हलकं करायला म्हणून. त्याचं मन हलकं झालं. तिच्या मनात ते जाऊन बसलं. या हिवाळ्यात बोळातल्या सगळ्या बायांनी टोचून घेतलं, उंदीरसायेबाच्या बायकोनं तेवढं घेतलं नाही, आणि त्यानंही तिला दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

त्या दिवशीचं काम त्यांच्याच बोळापासून तिसऱ्या गल्लीत होतं, हळदीच्या एका लहान वखारीत. केरबा आणि गुंडा आधीच पोचले होते. चिखल कालवून झाला होता आणि गुंडा तोंडाला फडकं बांधत होता. वखारीत हळदीचा घमघमाट, जमिनीवर पिवळी भुकटी, आणि त्या भुकटीत पावलांची बारीक नक्षी. रामगोंडा ती नक्षी बघत राहिला. बिळं नऊ निघाली. केरबानं सात लिंपली, आठव्यात नळी घातली, आणि नवव्यापाशी उकिडवा बसून, चिखलाचे हात पुढं धरून त्यानं सहज विचारलं, जसं रोज विचारत असावा तसं:

"सायेब, न्हेमीची वाट ही ठिवू, का त्या कोपऱ्यातली ठिवायची हुती?"

रामगोंडाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. नेहमीची वाट म्हणजे काय, असं त्यानं विचारलं. केरबाला प्रश्नच कळेना. मग त्यानं समजुतीच्या सुरात सांगितलं, की हर जागी एक ठेवायची असते ना, सायेब ठेवतात तशी, पुडीचा जोर बाहेर पडायला. नाहीतर भिंती फुगतील. हे कारण त्याचं त्यानंच शोधून काढलेलं होतं, आणि ते त्याला इतकं पटलं होतं की त्यावर त्याला शंकाही येत नव्हती. बघत आलोय पहिल्यापासनं, तो म्हणाला. खात्याचीच पद्धत हाय म्हनून समजलो.

"दुसऱ्या टोळीलाबी मीच शिकिवलं," केरबा म्हणाला, थोडा अभिमानानंच. "ती येडी समदी बिळं लिंपत हुती."

रामगोंडा तिथंच हळदीच्या पोत्यावर बसला. बसताना पिशवी मांडीवर घेतली आणि मग तिच्यात काय आहे हे आठवून ती खाली ठेवली. एखाद्या माणसाला आपल्या पाठीवरचा डाग दुसऱ्यानं बोट लावून दाखवावा तसं त्याला झालं होतं. इतके दिवस त्यानं दोन गोष्टी डोक्याच्या दोन कोनाड्यांत ठेवल्या होत्या आणि त्यांची गाठ पडू दिली नव्हती. त्या आता समोरासमोर आल्या. गूळवाल्याचं माजघर साफ केलं, आठ दिवसांनी पलीकडच्या बोळात उंदीर पडले. तो बोळ साफ केला, तर नदीच्या अंगाच्या आळीत पडले. आळी झाली, मग तेलाच्या घाण्यामागे. खात्याचे डॉक्टर आगाशे टेबलावर गावाचा नकाशा पसरून उंदीर पडतील तिथं तांबड्या शाईनं टिंबं काढायचे आणि डोकं धरून बसायचे. त्यांना ते टिंबांचं चालणं समजत नव्हतं. रामगोंडा त्यांच्या शेजारी उभा राहून दौत धरायचा. त्याला समजत होतं का? आज त्याला शपथेवर विचारलं असतं तर तो म्हणाला असता, न्हाई. आणि तरीही पुढचं टिंब कुठं पडणार हे त्याच्या पोटाला दर वेळी आधी कळलेलं असायचं. चार जगले तर काय बिघडलं? ते चार रिकाम्या अंगानं जात नव्हते. मेलेल्या शंभरांच्या पिसवा घेऊन, अंगाची आग घेऊन, ते दुसऱ्याच्या भिंतीत जात होते. काहीच केलं नसतं तर ते होते तिथंच राहून मेले असते. सगळी बिळं लिंपली असती तरी तिथंच मेले असते. त्यानं तिसरं केलं होतं. मारण्याचं पापही घेतलं होतं आणि रोगाला वाटही दाखवली होती, आणि हे सगळं करून रोज घरी जाऊन आव्वाच्या हातचं सुखानं जेवला होता. तेलाच्या घाण्यामागे सात माणसं गेली होती. त्यातल्या एका लहान मुलीचं नाव तो विसरायचा प्रयत्न करू लागला आणि ते त्याला जास्तच स्पष्ट आठवलं. आता त्या कोंदट वखारीतही त्याला थंडी वाजत होती. आपल्या अंगात ताप तर नाही ना, म्हणून त्यानं मनगट गालाला लावून बघितलं.

याच आठवड्यात त्यांच्या घराला लागून असलेली शेंगांची वखार त्याच्याच टोळीनं साफ केली होती. मागच्या भिंतीचं बीळ उघडं ठेवलं होतं. ती भिंत कुणाच्या घराची, हे त्या वेळी त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, असं नाही. ध्यानात आलं होतं. त्याला वाटलं होतं, आमचं घर तर आव्वाचं घर, तिथं त्यांना कोण मारणार.

"लिंप," तो म्हणाला. केरबा हात तसाच धरून बघत राहिला, तेव्हा तो पुन्हा म्हणाला, "समदी लिंप. एकबी ठिवू नगंस. दुसऱ्या टोळीलाबी आत्ताच्या आत्ता सांगून ये." मग पंप चालू झाल्यावर भिंतीत उठलेली खुडबुड संपेपर्यंत तो तिथं थांबला. इतके दिवस तो अशा वेळी बाहेर जाऊन विडी न ओढणाऱ्या माणसाला सुचेल ते काहीतरी करत उभा राहायचा.

कचेरीत डॉक्टर आगाशे एकटेच होते. ते वरिष्ठांना पत्र लिहीत होते आणि तो येताच त्यांनी ते वाचूनच दाखवायला घेतलं. विषारी पुडीचा उपयोग होत नाही असं दिसतं, उलट साथ पसरते असा संशय आहे, तेव्हा पुढील वर्षी हे काम बंद करून सगळा भर टोचणीवर द्यावा, असा मजकूर होता. पुडीपासून माणसांना धोका आहे तो वेगळाच. धोका पत्करायचा तर त्याच्या बदल्यात पदरात काही पडलं पाहिजे, असं ते म्हणाले, आणि तुला काय वाटतं, तू प्रत्यक्ष काम बघतोस, असंही विचारलं. पूड निकामी नव्हती. ते एकट्या रामगोंडाला ठाऊक होतं. तोंडातून तेच बाहेर पडेल असं वाटत असताना तो म्हणाला, "माझ्या घरात उंदीर पडला." पिशवीतला डबा त्यानं नकाशाशेजारी ठेवला. डॉक्टरांनी डब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि लेखणी पुसून ठेवली. घरात कोण कोण आहे हे त्यांना माहीत होतं. टांगा बोलावताना त्यांनी कंपाउंडरला दोनच गोष्टी घ्यायला सांगितल्या, लशीच्या कुप्या आणि सल्फाच्या गोळ्यांची कपाटातली शेवटची बाटली.

टांग्यात ते हळू आवाजात बोलत राहिले, त्याच्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. लढाईच्या काळात या गोळ्या निघाल्या, वेळेवर पोटात गेल्या तर गाठ आलेला माणूसही उठतो, पण पोटुशीला द्यायच्या म्हणजे आतल्या मुलाचं काय होईल ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. सुईचं तरी निदान लिहून ठेवलेलं आहे. टांगा बोळाच्या तोंडाशी थांबला. उंदीरसायेबाच्या दाराशी डॉक्टर आलेले बघून शेजारच्या रंगूबाईनं आपलं दार ओढून घेतलं. तो आवाज त्याला ओळखीचा होता. आजवर तो त्यानं दुसऱ्यांच्या दाराशी उभं राहून ऐकला होता, आज स्वतःच्या दाराशी ऐकला.

चंपाबाई भिंतीला टेकून वाती वळत बसली होती. डॉक्टरांना बघून तिनं पदर सावरला आणि कापूस बाजूला ठेवला. आक्काताई परसातून हात धुऊन आली. रामगोंडानं काय झालं ते सांगितलं, सकाळच्या रॉकेलसकट. सांगताना तो चंपाकडे बघत नव्हता. डॉक्टरांनी तिची नाडी पाहिली, जीभ पाहिली, काखेत आणि जांघेत दुखतं का विचारलं. काही दुखत नव्हतं. मग ते पाटावर बसले आणि शाळेतल्या मुलांना सांगावं तसं सावकाश त्यांनी सगळ्यांना सांगितलं. सुई आज टोचली तर अंगात तिचा जोर यायला आठ-दहा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत ताप येईल, या दिवसांत जपायला हवं, मुलाला भय नाहीच असं मी म्हणणार नाही. पण उंदीर आजच पडला असेल, पिसू अजून चावली नसेल, तर सुईच हिला वाचवील. उलट विष आधीच अंगात शिरलं असेल, तर वरून सुई टोचून आपण तिचं बळ आणखी कमी करू, असं माझं मत आहे. तेव्हा सगळं एका गोष्टीवर आहे. त्यांनी रामगोंडाला विचारलं, "पहिला उंदीर कधी पडला?"

"आज," रामगोंडा म्हणाला. "सकाळी."

आक्काताई चुलीपाशी उभी होती. तिनं ओले हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले.

"आज न्हाई," ती म्हणाली. "मंगळवारपासनं पडत्यात. ह्यो पाचवा."

आणि तीच पुढं बोलत राहिली. परसात फणसाच्या बुडाशी चार पुरले होते तिनं, फडक्यात गुंडाळून, पहाटे कुणी उठायच्या आत. रामगोंडानं तिला विचारलं, की सांगितलं का नाहीस, आणि विचारताना त्याचा आवाज नऊ वर्षांच्या पोराचा झाला. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तू पंप घेऊन आला असतास, आणि हिच्या दंडात सुई घातली असतीस. त्या राहीबाईचं तूच हिला सांगितलं होतंस. "मीबी तोललंच की रं," ती म्हणाली. "घरात जीव किती, भाईर किती. मला वाटलं पडायचं त्ये पडून जातील, पोरगी मोकळी हुईल." तिनं डॉक्टरांकडे बघितलं, त्यांनी तरी हे बरोबर म्हणावं म्हणून. डॉक्टरांनी तिला आधी हात दाखवायला सांगितले. तिच्या बोटांवर काही नव्हतं. मनगटावर तीन-चार बारीक तांबडे ठिपके होते, पिसू चावल्यावर येतात तसे. ते त्यांनी नखानं दाबून पाहिले, कंपाउंडरला हळूच काहीतरी सांगितलं, आणि तिला परसात जाऊन वेगळं बसायला लावलं. ती गेली. जाताना सुनेच्या बाजूनं न जाता भिंतीच्या कडेकडेनं गेली.

डॉक्टर गोळ्यांची बाटली हातात फिरवत होते. एकदम त्यांनी मान वर केली. हे मला कळत नाही, ते म्हणाले. शेजारची वखार गेल्या सोमवारी साफ झाली. तुझ्याच टोळीनं केली. वहीत बिळं अकरा, लिंपली अकरा, अशी तुझी सही आहे. मग मंगळवारी इथं उंदीर आले कुठून?

आता खोटं बोलायला जागा नव्हती असं नाही. जागा भरपूर होती. गटारातून आले, छपरावरून आले, मिरजेच्या गाड्यांतून आले, डॉक्टरांनी यातलं काहीही मानलं असतं. रामगोंडाला चंपाच्या पोटावर पदराखाली काहीतरी हललेलं दिसलं. तिनं तिथं हात ठेवला. तो बोलला तेव्हा त्याला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"एक बीळ मी उघडं ठिवलं हुतं."

डॉक्टरांना आधी ते कळलं नाही. मग कळलं. रागावण्याइतकी ताकदसुद्धा त्यांच्यात उरली नव्हती. हातातली बाटली खाली ठेवून त्यांनी विचारलं, "किती ठिकाणी?"

"समदीकडं."

चंपाबाईनं मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच बघितलं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती त्याला ओळख पटवून घेत असल्यासारखी बघत होती, गर्दीत हाक आल्यावर माणूस बघतो तशी. मग तिनं मान वळवली.

डॉक्टर पाटावरून उठले, कंपाउंडरला पिचकारी उकळत्या पाण्यात टाकायला लावली, आणि पुन्हा नेमानं, खात्याच्या रिवाजानं, घरधन्याकडे वळले. मंगळवार ते आज म्हणजे पाच दिवस. पिसू चावली असेल किंवा नसेल. दोन्ही बाजूंना मला सारखंच दिसतंय. वाट बघून गोळ्या राखून ठेवू, की सुई टोचू, हे आता तूच सांग. पती तू आहेस आणि खात्यातलाही आहेस. रामगोंडानं तोंड उघडलं. अकरा आणि एक, राहीबाई, शंभरातले चार, परसात वेगळी बसलेली आव्वा, सगळं त्याच्या जिभेवर एकदम आलं आणि त्यातला कुठला शब्द आधी काढावा हे त्याला सुचेना.

"त्यास्नी इचारू नगा," चंपाबाई म्हणाली.

तिनं भिंतीचा आधार घेतला, जड अंगानं उठून पाटावर डॉक्टरांसमोर येऊन बसली आणि चोळीची बाही स्वतःच वर सरकवली.

"त्यास्नी कशातलंच इचारू नगा. हात माजा हाय. टोचा."

डॉक्टरांनी पिचकारी उचलली. कंपाउंडरनं रामगोंडाला दाराबाहेर जायला सांगितलं आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.